बर्फवाला रेड ग्रेंज

अमेरिकेत एक मोठे खेळाडू होऊन गेले. त्यांचं नाव हॅरॉल्ड ग्रेंज. केस तांबूस होते म्हणून सगळे त्यांना रेड म्हणत. रेड म्हणजे तांबडा.

त्यांचा जन्म १३ जून १९०३ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात फोर्क्सव्हिल या गावी झाला. वडील लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होते. रेड पाच वर्षांचे असताना आई वारली. मग वडील मुलांना घेऊन इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी आले. तेव्हा घरोघरी फ्रीज नव्हते. रेड उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या उचलून घरोघर पोचवायचे. त्याने अंगात ताकद आली. पुढे कॉलेजात नाव झालं तरी सुट्टीत ते बर्फच वाहायचे. मला हे फार आवडलं.

तिकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळत नाहीत. चेंडू नारळासारखा लांबट असतो. तो बगलेत धरून पळायचं आणि समोरचे धरून पाडतात. म्हणजे थोडी कबड्डीच. रेड हुलकावणी देण्यात पटाईत. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगनच्या संघाविरुद्ध पहिलाच चेंडू हातात आला आणि ते थेट ९५ यार्ड पळाले. १२ मिनिटांत त्यांनी चार वेळा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला!

१९२५ साली ते कॉलेज सोडून शिकागो बेअर्स या संघात पगारावर खेळायला गेले. कॉलेजचे खेळाचे सर रागावले, कारण तेव्हा पैसे घेऊन खेळणं कमीपणाचं मानत. पण न्यूयॉर्कला त्यांना बघायला ६५,००० च्या वर माणसं आली. तिथला जायंट्स संघ कर्जात होता, तो त्या तिकिटांवर सावरला.

पुढे रेड यांचे मॅनेजर पाइल यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा संघ मागितला. जायंट्सचे मालक नको म्हणाले. ज्यांच्यामुळे पैसे मिळाले त्यांनाच नको! मग पाइल आणि रेड यांनी १९२६ साली वेगळी लीग काढली. लीग म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या संघांचा गट. नऊ संघ होते, शेवटी चारच उरले. लीग बुडाली. जुन्या लीगने रेड यांचा संघ आपल्यात घेतला. पण १९२७ मध्ये बेअर्सशीच खेळताना त्यांचा गुडघा दुखावला. १९२८ मध्ये ते खेळलेच नाहीत.

१९२९ साली ते परत बेअर्सकडे आले. आता पहिल्यासारखी हुलकावणी जमेना. मग ते पकडीत तयार झाले. १७ डिसेंबर १९३३ ला अंतिम सामना होता. बेअर्स २३, जायंट्स २१. अगदी शेवटी जायंट्सचा एक गडी चेंडू घेऊन सुटला. शेजारी त्याचा जोडीदार पळत होता. पाय धरले असते तर त्याने चेंडू जोडीदाराला दिला असता. म्हणून रेड यांनी त्याला चेंडूसकट वरूनच कवळा घातला. चेंडू सुटलाच नाही. बेअर्स जिंकले.

१९३४ च्या हंगामानंतर त्यांनी खेळणं थांबवलं. २८ जानेवारी १९९१ रोजी ते वारले. त्यांच्या अंगावर ७७ नंबर असायचा. त्यांच्या कॉलेजने तो पुन्हा कोणालाच दिला नाही.