विनोबा आणि हातातले अवजार

पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारपेठेतून पायी हिंडताना एखाद्या चर्मकाराच्या दुकानाच्या पुढ्यात काळ्या बिडाचे, लांब निमुळत्या हाताचे एखादे जुने यंत्र दृष्टीस पडावे. चाक हाताने फिरवायचे, बुटाच्या आत तो लांब हात घालायचा आणि फाटलेला भाग शिवून काढायचा, असे त्याचे काम. सिंगर कंपनीचे हे २९ क्रमांकाचे यंत्र. पुढचे ‘के’ हे अक्षर स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखान्याची खूण होय. त्याचा दाबाचा पाय कोणत्याही दिशेस वळतो आणि चामडे वरूनच पुढे सरकवतो, त्यामुळे बूट न फिरवता हवी तशी शिलाई घालता येते. आजही त्याची रचना जुनाट वाटत नाही.

अडचण येते ती एखादा भाग झिजल्यावर. हाताच्या टोकाशी असलेले शटल आणि त्याला चालवणारी आतली बारीक दातेरी चाके झिजली की टाके सुटू लागतात. घरगुती शिलाई यंत्राची सुई याला चालत नाही. एकाच २९ क्रमांकाच्या निरनिराळ्या उपप्रकारांत बॉबिन लहान-मोठी असते. म्हणून पाटीवरचा पूर्ण क्रमांक पाहिल्यावाचून मागवलेला भाग बहुधा परत करावा लागतो. मूळ कारखाना १९८०मध्ये बंद पडला. तेव्हापासून मुंबईच्या चोरबाजारातील जुन्या यंत्रांचे सांगाडे, नाहीतर देशी आणि चिनी नकलेचे भाग, एवढाच आधार उरला. ज्याच्या हातात अवजार आहे, त्याच्या हातात त्याचे सुटे भाग नसतील, तर ते अवजार खरोखर त्याचे आहे काय?

हा प्रश्न जन्मभर मनाशी बाळगून जगलेला एक पुरुष याच परिसरातला होता. विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा भावे, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. भूदानाचे प्रणेते, गीताईचे कर्ते, गांधीजींचे आध्यात्मिक वारस अशी त्यांची ओळख सर्वांस आहे. अवजारांचा चिकित्सक ही त्यांची बाजू मात्र चरित्रांतून काहीशी झाकली गेली आहे.

आजोबा शंभुराव धर्मनिष्ठ, आई रुक्मिणीबाई भक्तिमार्गी. वडील नरहरराव मात्र वेगळ्या घडणीचे होते. वस्त्रविद्येचे शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीस गेले आणि रंगांच्या प्रयोगांत रमले. विनोबांच्या वैराग्याचे श्रेय आईला देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती योग्यही आहे. पण सूत किती निघाले, किती वेळात निघाले, कोणत्या हाताने निघाले, याचा काटेकोर हिशेब ठेवणारी जी शास्त्रीय बुद्धी त्यांच्यात पुढे दिसली, ती वडिलांकडून आली असावी, असे आमचे मत आहे.

बडोद्यास शिक्षण चालू असतानाच त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईसमक्ष चुलीत घातली. मार्च १९१६मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीस गेला. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील गांधीजींचे भाषण त्याच्या वाचनात आले, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात दाखल झाला. मधल्या काळात वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृतचे अध्ययनही घडले. आश्रमात मात्र भाजी चिरणे, दळणे, झाडणे आणि विणणे हाच अभ्यासक्रम होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले आणि पुढचे आयुष्य त्यांनी त्या परिसराला दिले.

यंत्रांविषयी गांधीजींचे विचार त्या काळात बरेच गाजत होते. १९२४मध्ये एका तरुण विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिलाई यंत्राला आपल्या विरोधातून वगळले. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र प्रेमापोटी शोधले, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासाला ही हकीकत मान्य नाही. आयझॅक सिंगर याने १८५०मध्ये बोस्टन येथे दुसऱ्याच्या सदोष यंत्रात सुधारणा केल्या, त्या निव्वळ व्यापारासाठी. पण त्या संवादातील पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. शिलाई यंत्र घरात आले तरी ते घडवण्यास कारखाना लागणारच, हा आक्षेप गांधीजींनी मान्य केला आणि असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असा तोडगा सुचवला. १९२९मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. त्याच्या अटींत यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे चालावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, असे नमूद होते. ते पारितोषिक अखेर कोणासच मिळाले नाही.

विनोबांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी निवडली ती टकळी. एक काडी आणि एक चकती, एवढेच तिचे भाग. मोडली तर कोणताही लोहार, सुतार किंवा शाळकरी पोर ती पुन्हा उभी करू शकतो. टकळी हे मुलांचे खेळणे मानले जात असे, पण विनोबांनी दोन्ही हातांनी आळीपाळीने तासन्‌तास कातून तिची गती वाढवली आणि त्या कताईच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा संकल्प केला. मजुरी अर्थातच तुटपुंजी होती. कातणाऱ्या बाईला जे मिळते त्यात माणूस जगू शकतो काय, हे त्यांना स्वतःच्या पोटावर तपासून पाहायचे होते. या प्रयोगात त्यांची प्रकृती खालावली, हेही नोंदवले पाहिजे. अवजार सोपे झाले म्हणून श्रमाचे मोल आपोआप वाढत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

हा प्रयोग झाला नालवाडीत. धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचनांचे वर्ष संपता संपता, १९३२च्या डिसेंबरात, विनोबा वर्ध्यानजीकच्या या मुख्यतः दलित वस्तीच्या गावात राहावयास आले. १९३४मध्ये ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले आणि त्याच सुमारास तेथे चर्मालय उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकर हे त्याचे प्राण. मेलेल्या जनावराचे कातडे न फाडता सोडवणे, ते खेड्यात मिळणाऱ्या सालींनी कमावणे, त्यापासून चपला करणे, हाडामांसाचे खत करणे, अशी ही साखळी होती. रापी, आरी आणि कातडे भिजवण्याची कुंडी यांपलीकडे फारसे भांडवल नव्हते. ज्या धंद्याला समाजाने शिवायचेही नाकारले, त्यात सुशिक्षित कार्यकर्त्यांनी हात घातले, ही घटना लहान नव्हती.

तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती कुलाबा जिल्ह्यातच घडली. मार्च १९२७मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेली गुरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून द्या, असे सांगितले होते. ज्यांच्यावर एखादे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांना त्या कामाच्या प्रतिष्ठेच्या गोष्टी सांगणे आणि ज्यांनी ते कधीच केले नाही, त्यांनी ते स्वेच्छेने पत्करणे यांत मोठे अंतर आहे. चर्मालयाचा प्रयोग दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणून तो आदरणीय ठरतो. परंतु त्या बांधवांतील अनेकांनी विनोबांची वाट न धरता महाडची वाट धरली, यातही नवल काही नाही.

यंत्रांविषयी विनोबांचा विचार पुढे अधिक रेखीव झाला. त्यांनी यंत्रांचे तीन वर्ग केले. पहिला वेळ वाचवणाऱ्या यंत्रांचा, दुसरा संहारक यंत्रांचा आणि तिसरा उत्पादक यंत्रांचा. पहिल्यांना त्यांचा विरोध नव्हता, दुसरी सर्वथा त्याज्य. उत्पादक यंत्रे माणसाच्या श्रमाला पूरक आहेत की मारक, हे देश-काल पाहून ठरवावे, एकदा ठरवलेले कायम धरू नये, असे ते मानत. विनोबा यंत्राचे शत्रू होते, असा जो सरसकट समज आहे, तो या विवेचनापुढे टिकत नाही. विज्ञान आणि अध्यात्म यांच्या संयोगावर त्यांचा भर अखेरपर्यंत राहिला.

७ मार्च १९३८ रोजी ते पवनारला धाम नदीकाठी गेले. १९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी त्यांना पहिले सत्याग्रही निवडले, तुरुंगवास झाले. स्वातंत्र्यानंतर पवनारला त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशाविना, केवळ श्रमावर आश्रम चालवायचा. सोबत्यांसह त्यांनी विहीर खणली, आणि तिचा रहाट बैलांऐवजी माणसांनी गीताई म्हणत फिरवला.

येथे रोह्याची आठवण होते. विनोबांनंतर अवघ्या चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळील नाते येथे चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे घर रोह्याचे आणि बालपणही तेथलेच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री आणि नियोजन मंडळाचे सदस्य, अशी त्यांची वाटचाल. देशाच्या चलनाचा कारभार सांभाळलेला रोह्याचा पुत्र आणि चलनावाचून जगू पाहणारा पेणचा पुत्र! पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर विनोबांनी कठोर टीका केली, कारण प्रत्येक हाताला काम आणि अन्नाबाबत स्वावलंबन यांची हमी त्यात त्यांना दिसली नाही. चर्चेसाठी निमंत्रण आले तेव्हा सप्टेंबर १९५१मध्ये ते पवनारहून पायी दिल्लीस निघाले. योजना त्यांच्या मताप्रमाणे बदलली नाही, ती बदलणे कठीणच होते.

तत्पूर्वी, १८ एप्रिल १९५१ रोजी, तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली होती आणि भूदानाचा उगम झाला होता. पुढे तेरा वर्षांची पदयात्रा आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची वचने. हा इतिहास सर्वज्ञात आहे. त्यातली बरीच जमीन प्रत्यक्ष वाटली गेली नाही, हेही तितकेच सर्वज्ञात. याच दशकात अंबर चरखा आला. तमिळनाडूच्या एकांबरनाथांनी तो तयार केला. अनेक चात्यांमुळे सूत भरपूर निघे. मात्र त्याचे धातूचे भाग टकळीसारखे खेड्यात घडत नव्हते, त्यासाठी बाहेरच्या कार्यशाळेकडे पाहावे लागे. अधिक उत्पादन हवे तर सुट्या भागांसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, हा तिढा विनोबांनाही सुटला नाही.

१९५८मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९६०मध्ये चंबळच्या दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. १९७५च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेने मात्र अनेक निकटचे अनुयायी दुखावले गेले आणि ती जखम भरून आली नाही. १९८२च्या नोव्हेंबरात आजारपणात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध वर्ज्य केले. १५ नोव्हेंबर रोजी पवनारच्या आश्रमात त्यांचे देहावसान झाले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. जन्माच्या वेळी त्यांचे गागोदे कुलाबा जिल्ह्यात होते. मृत्यूपूर्वीच त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले होते.