कटगुणचा वारसा, पुसेसावळीची आग

माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव. त्याच खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त करून जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका मुस्लिम तरुणाचा जीव गेला. धर्म वेगळे म्हणून दंगली होतात, असे आपल्याला सांगितले जाते. जोतीरावांचे आयुष्य हे सांगणे खोटे ठरवते.

जोतीराव १८२७ साली जन्मले. माळ्याच्या पोराला विद्या कशाला, असे लोकांनी वडिलांचे कान भरले आणि त्यांची शाळा सुटली. तेव्हा गफार बेग मुन्शी या शेजाऱ्याने व लिजिटसाहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. १८४८ साली त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी बापाचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, असे चरित्रकार सांगतात. स्वधर्मीयांनी बाहेर काढले, मुसलमान शेजाऱ्यांनी आत घेतले!

१८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. महंमद पैगंबरांवर काव्य रचले. मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी एक घर कल्पिले : पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. १८९३ साली गोरक्षणाच्या चळवळीने तापलेल्या वातावरणात मुंबईत दंगल पेटली. १८९४ साली पुण्यात हिंदूंनी ताबुतांवर बहिष्कार घालावा असा प्रचार झाला, गणेशोत्सव रस्त्यावर आला आणि मशिदीपुढच्या वाद्यांवरून दारूवाला पुलाजवळ दंगल झाली. कालपर्यंत ताबुतापुढे नाचणारा बहुजन आज मशिदीपुढे उभा करण्यात आला. त्याची श्रद्धा एका वर्षात बदलली नव्हती. त्याला वळवणारे पुढारी तयार झाले होते.

आजही रीत तीच आहे. भडकावणाऱ्याचे नाव आरोपपत्रात क्वचितच येते. कोर्टाच्या तारखा मोजतो तो बहुजनांचा पोरगा, आणि जळते ते गरीब मुसलमानाचे दुकान.

बांधवांनो, ११ एप्रिलला फुले जयंतीची मिरवणूक जरूर काढा. पण त्याआधी माण-खटावच्या प्रत्येक वस्तीत मुस्लिम शेजाऱ्यांना सोबत बसवून त्या चार धर्मांच्या घराचे पान मोठ्याने वाचा. ज्या गावात ते पान वाचले जाईल, त्या गावात मोबाइलवरची अफवा पेटायला वेळ लागेल.