महादजी शिंदे आणि बीडचे मन्सूरशाह

आपल्या ग्वाल्हेरच्या बाड्यावर गोरखीत शिंदे घराण्याचे देवघर आहे. तेथे दरवर्षी मन्सूरशाह या सूफी संतांचा उर्स होतो आणि घराण्यातील मंडळी त्यात श्रद्धेने बसतात. हिंदू राजघराण्याच्या देवघरात उर्स कसा, हे पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. म्हणून या अंकात आम्ही श्रीमंत महादजी शिंदे यांच्याविषयी लिहीत आहोत.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. महादजी तेव्हा तिशीचे होते. पाठलागात त्यांच्या पायावर घाव बसला व ते जन्माचे अधू झाले. रस्त्यात पडलेल्या या जखमी सरदाराला राणेखान नावाच्या एका भिस्त्याने पाहिले, आपल्या बैलावर घातले आणि दक्षिणेकडे सुखरूप आणले. समोरचे सैन्य आपल्याच धर्माचे आहे, हा विचार त्या पाणक्याच्या मनात आला नाही. महादजींनीही नुसते बक्षीस देऊन त्याची बोळवण केली नाही. त्यांनी त्याला भाऊ मानले, सरदारकी दिली, फौजा सोपविल्या.

मन्सूरशाह बीडचे. महादजींचा पत्ता लागत नव्हता तेव्हा त्यांच्या पत्नी शाहांकडे गेल्या व पती परत येतील असा आशीर्वाद त्यांना मिळाला, असे परंपरेने सांगतात. पुढे महादजींनी त्यांना गुरू केले. म्हणून त्यांनी स्वतःचा धर्म सोडला काय? मुळीच नाही. ते निस्सीम कृष्णभक्त होते, भक्तीची पदे रचीत. ज्या शाहआलम बादशहाचे ते दिल्लीत आधार होते, त्याच्याकडूनच त्यांनी गोवधबंदीचे फर्मान मिळविले.

कोणी म्हणेल, हे सारे राजकारण. दिल्लीच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. १७८४ साली पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे पद मिळाले आणि महादजी त्यांचे नायब म्हणून बादशाहीचा कारभार पाहू लागले. तेथे सर्वांना सांभाळून घेणे भागच होते. पण बीडच्या फकिराकडून कोणता सुभा मिळणार होता? आमच्या मते ती निखळ श्रद्धा होती.

मात्र महादजी कोमल हृदयाचे साधू होते, अशी समजूत मुलांनी करून घेऊ नये. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले. तेव्हा दिल्ली सोडविण्यास गेलेल्या फौजेचे पुढारपण त्याच राणेखानाकडे होते. कादिर पकडला गेला आणि १७८९ मध्ये त्याला जी शिक्षा झाली, ती इतकी क्रूर होती की येथे लिहवत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजींचे निधन झाले. तेथे त्यांची छत्री व शिवमंदिर आहे. मन्सूरशाहांची कबर बीडला आहे.