सव्वातीन मिनिटांपासून स्टिरिओपर्यंत: एचएमव्हीचे जी. एन. जोशी

‘हाय-फाय’ या शब्दाचं आपल्याकडे भलतंच झालंय. हाय-फाय हॉटेल, हाय-फाय लग्न, हाय-फाय राहणी. म्हणजे महागडं आणि झगमगीत. मुळात हा शब्द आवाजाच्या यंत्रांचा. ‘हाय फिडेलिटी’चं ते छोटं रूप, आणि फिडेलिटी म्हणजे इमान. गाणाऱ्याच्या गळ्यातून जे निघालं, त्याच्याशी स्पीकरमधून येणारा आवाज किती इमान राखतो, एवढाच त्याचा अर्थ.

मागच्या काही लेखांत आपण अँप्लिफायर, स्पीकर आणि टर्नटेबल कसे चालतात ते पाहिलं. आज यंत्र थोडं बाजूला ठेवून एका माणसाबद्दल लिहितोय. आवाजाच्या धंद्यात तीन दशकं काढून निवृत्त झालेला एक मराठी अधिकारी. त्याच्या नोकरीच्या काळात ध्वनिमुद्रणाचं तंत्र जवळजवळ पूर्ण बदललं, आणि दर बदलाला त्याने आपल्या संगीतासाठी काहीतरी मिळवलं. त्याच्या निवृत्तीतून मला जे कळलं, ते इथे आमच्या नगर जिल्ह्यातल्या घराघरांत पडलेल्या कॅसेटींनाही लागू पडतं. तिकडे शेवटी येऊच.

कोण हे जोशी?

गोविंद नारायण जोशी. जन्म 1909, विदर्भातला. शिक्षणाने वकील, ओढ गाण्याची. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन ध्वनिमुद्रित केली आणि नाव घरोघरी पोचलं. मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या गायकांत त्यांची गणना होते ती तेव्हापासून.

1938 साली ते मुंबईत एचएमव्हीत नोकरीला लागले. एचएमव्ही म्हणजे हिज मास्टर्स व्हॉईस, भोंग्यापुढे बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची कंपनी. खरं नाव ग्रामोफोन कंपनी. तिचा मालक लंडनचा ईएमआय समूह, तबकड्यांचा कारखाना कोलकात्याजवळ डमडमला. जोशींचं काम ध्वनिमुद्रणाचं. कोणाला बोलवायचं, काय गाऊन घ्यायचं, किती वेळात बसवायचं, कुठलं मुद्रण बाजारात जाईल, हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांपैकी ते एक झाले. आजच्या भाषेत निर्माता. फरक एवढाच की हा निर्माता स्वतः मायक्रोफोनपुढे उभा राहून गायलेला होता.

सव्वातीन मिनिटांचा पिंजरा

जोशी कामाला लागले तेव्हाची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं मावायची. गणित सोपं आहे. 78 गुणिले सव्वातीन, म्हणजे जेमतेम अडीचशे फेरे. त्या काळच्या खाचा रुंद, सुई जाड. त्यामुळे बाहेरच्या कडेपासून मधल्या लेबलापर्यंत एवढेच फेरे बसायचे.

तबकडी बनायची लाखेपासून. तीच लाख, जी पूर्वी सोनार बांगडीत भरायचे. लाखेत खनिजाची बारीक पूड मिसळून लगदा करायचा आणि साच्यात दाबायचा. जगभरच्या कारखान्यांना ही लाख मुख्यतः भारतातून जायची.

मुद्रण मात्र आधी मेणाच्या जाड चकतीवर व्हायचं. मायक्रोफोनमधला आवाज विजेच्या रूपाने कापणाऱ्या सुईपर्यंत जायचा आणि सुई मेणात खाच कोरायची. ती चकती वाजवून बघितली की खाच खराब व्हायची. म्हणजे जी चकती कारखान्यात पाठवायची, ती आधी ऐकता यायची नाही. मधेच चूक झाली तर तो तुकडा कापून पुन्हा जोडायची सोय नाही. नवी चकती, पुन्हा पहिल्यापासून.

आता ख्याल गाणाऱ्या उस्तादांची अवस्था बघा. मैफलीत एक राग तासभर चालणार. नुसता षड्ज लावून वातावरण जमवायला पाच मिनिटं जाणार. त्यांना सांगायचं की सव्वातीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना सगळं उरका आणि दिवा लागला की थांबा. हे सांगायला नुसता साहेबी थाटाचा अधिकारी असून भागत नाही. समेवर कुठे यायचं आणि कुठला भाग गाळला तरी राग मोडत नाही, हे कळणारा माणूस लागतो. जोशींचं मोल इथे होतं.

भावगीत आणि तबकडीचं माप

उलट काही गाण्यांना हे माप अंगाला बसलं. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मधे वाद्यांचे छोटे तुकडे. झालं, तीन मिनिटं. भावगीत हा प्रकार महाराष्ट्रात रुजला तो काही फक्त तबकडीमुळे नाही. चांगले कवी होते, रेडिओ होता, ऐकणारा नवा मध्यमवर्ग होता. पण त्याची लांबी तबकडीने ठरवली, असं मला वाटतं. आजही मराठी गाणं तीन-चार मिनिटांपलीकडे गेलं की लांबलं म्हणतो आपण. ही सवय त्या अडीचशे फेऱ्यांची आहे.

जोशी दोन्ही बाजूंनी या मापात राहिले. आधी गायक म्हणून, मग काचेपलीकडचा अधिकारी म्हणून. समोरच्या कलाकाराला मिनिटं कमी पडतात म्हणजे काय होतं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

टेप आली, एलपी आली, ख्याल मावला

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे चुंबकीय टेप. प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर आणि त्यावर आवाजाची चुंबकीय नक्षी. टेप लगेच ऐकता येते, पुसून पुन्हा वापरता येते, ब्लेडने कापून जोडता येते. कलाकाराला पहिल्यांदा मोकळं गाता आलं. बिघडलं तर पुन्हा घेऊ, एवढा दिलासा सुद्धा गळ्याला पुरतो.

दुसरी म्हणजे एलपी. 1948 साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने ती बाजारात आणली. लाखेऐवजी व्हायनिल, बारीक खाच, बारीक सुई, आणि वेग मिनिटाला 33⅓ फेरे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. शिवाय व्हायनिल गुळगुळीत, त्यामुळे लाखेच्या तबकडीची सततची खरखर गेली. आवाजाचा पल्लाही वाढला. तंबोऱ्याची जवार आता ऐकू यायला लागली.

1960 साली उस्ताद अमीर खाँ यांची एलपी निघाली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. अमीर खाँ हे अतिविलंबित लयीचे गायक. एक-एक स्वर उलगडत जाणारे. 78च्या तबकडीत त्यांची खरी गायकी बसणंच अशक्य होतं. त्यांचा मारवा ऐकताना आज आपल्याला जी शांतता जाणवते, ती व्हायनिलच्या बारीक खाचेने शक्य केली. पण खाच आपोआप उस्तादांकडे जात नाही. एवढा संथ राग विकला जाईल का, या शंकेवर मात करून तो मुद्रित करायला कंपनीत कोणीतरी उभं राहावं लागतं. अशा शास्त्रीय एलपींमागे जोशी उभे राहिले.

दोन कान, एक खाच

पुढचा बदल स्टिरिओचा. याची कल्पना खुद्द ईएमआयच्याच एका इंजिनिअरची, अॅलन ब्लुमलाइन यांची. 1931 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांचा 1942 साली विमान अपघातात मृत्यू झाला आणि बाजारात स्टिरिओ तबकडी यायला 1958 उजाडलं.

एका खाचेत दोन आवाज कसे बसतात? खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी असते. तिच्या एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज, दुसऱ्या भिंतीवर उजव्याचा. दोन्ही भिंती 45 अंशांत कललेल्या. सुई दोन्ही भिंतींना एकाच वेळी टेकते, तिरपी हलते, आणि तिच्यामागच्या दोन कॉइल दोन वेगळे संकेत देतात. जुनी मोनो तबकडी सुईला फक्त आडवी हलवायची, म्हणून नव्या सुईवर तीही चालते.

या तंत्राचा आपल्या संगीतासाठी झालेला सुंदर वापर म्हणजे 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’. निर्माते जी. एन. जोशी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळा धरून सांगितलेला. पहाटेला अहिर भैरव, पुढे नट भैरव, पिलू, भूप, देस आणि पहाडी.

आता हे नाव दिग्गज वाटतं. तेव्हा तिघेही मुख्य वादक तिशीच्या आसपासचे. संतूर हे शास्त्रीय मैफलीत नवखं वाद्य, गिटार तर परकीच. अशा तिघांना अख्खी एलपी देणं हा कंपनीच्या दृष्टीने जुगार होता. तो लागला आणि तबकडी जगभर गेली. चांगल्या हेडफोनवर ती एकदा ऐका. तीन तंतोतंत वेगळे पोत आहेत, आघाताचं संतूर, फुंकेची बासरी, घसरत जाणारी गिटार. त्यांना कानांत आपापली जागा मिळाली की गर्दी होत नाही.

निवृत्ती: खुर्ची भरते, वही कुठे जाते?

त्यानंतर काही वर्षांतच जोशी निवृत्त झाले. कंपनीत असं होतंच. वय झालं, निरोपाचा हार, चहा, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसरा माणूस. टेप मशीन तीच, मायक्रोफोन तेच, डमडमचा कारखाना तोच. कंपनीच्या ताळेबंदात काहीच कमी होत नाही.

पण अशा माणसाबरोबर एक न लिहिलेली वही बाहेर जाते. कुठल्या बुवांना सकाळी बोलवू नये, कोणाला कुठला तबलजी लागतो, कोणापुढे मायक्रोफोन किती लांब ठेवायचा, कोणाचा पहिला टेक उत्तम आणि कोणाचा चौथा, कोण मानधनावरून रुसलंय आणि कोणाची समजूत कशी काढायची. ही माहिती टेपच्या डब्यावर लिहिलेली नसते. कलाकाराचा विश्वास कंपनीच्या नावावर नसतो, त्या माणसावर असतो. यंत्र बदललं की नवं घेता येतं. हा विश्वास बदली माणसाच्या नावावर करून देता येत नाही.

जोशींनी मात्र निवृत्तीनंतर एक मोठं काम केलं. आठवणी लिहून काढल्या. मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’, आणि पुढे इंग्रजीतही एक पुस्तक आलं. उस्तादांच्या लहरी, स्टुडिओतले प्रसंग, मुद्रणामागची धडपड. मूळ टेप कंपनीच्या मालकीच्या. तीच कंपनी आज सारेगामा या नावाने चालते. टेपवर जोशींचा हक्क नव्हता, पण त्या टेपमागे काय घडलं ते त्यांनी आपल्या हाताने वाचकांना दिलं. 1994 साली ते गेले. पुस्तक राहिलं, म्हणून आज आपण त्या तबकड्या समजून ऐकू शकतो.

मला इथे आपलं नेवासं आठवतं. प्रवरेकाठी ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, शके 1212, म्हणजे 1290 साली. आणि परंपरा सांगते की ती उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. सांगणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या ओठी असतं. उतरवून घेणाऱ्याचं नाव जिल्ह्याबाहेर फार कोणी घेत नाही. पण तो नसता तर पुढच्या सातशे वर्षांच्या वाट्याला काय आलं असतं?

मग आपण काय करायचं?

नगर जिल्ह्यात कुठल्याही गावात जा, भजनी मंडळाच्या, कीर्तनाच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी ट्रंकेत सापडतील. त्या अजून वाजतात, पण फार काळ वाजणार नाहीत. टेपवरचा थर सुटतो, बुरशी धरते, आणि चांगला डेक मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. तेव्हा हे करा:

डेकचं हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी साउंड कार्डात वायर जोडा. फोन स्पीकरसमोर धरून रेकॉर्ड करू नका.

फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ. तासाला साधारण 1 जीबी जागा लागते. एमपी3 प्रत मागाहून काढता येते.

दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वही लिहा. कोण गातंय, पखवाजावर कोण, कुठलं गाव, कुठला सप्ताह, साल कोणतं. हे सांगणारी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. फाइल उद्या करता येईल, पण नावं आजच विचारून घ्या. गावातल्या त्या म्हाताऱ्या पेटीवाल्यालाही, ज्याने तीस वर्षं सगळ्यांना सूर दिला आणि ज्याचं नाव एकाही कॅसेटवर नाही.