जाक मोनो

जाक ल्युसियाँ मोनो (९ फेब्रुवारी १९१०, पॅरिस – ३१ मे १९७६, कान) हे फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पेशीतील जनुकांचे प्रतिलेखन दमनकारी रेणूमुळे कसे रोखले जाते, याची उकल त्यांनी फ्रांस्वा जाकोब यांच्यासह केली. १९६५ चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक या दोघांना व आंद्रे ल्वॉफ यांना विभागून देण्यात आले.

मोनो यांचे वडील चित्रकार होते, तर आई अमेरिकन होती. त्यांचे बालपण कान येथे गेले. १९४१ मध्ये त्यांनी जीवाणूंच्या वाढीवरील प्रबंध सादर केला. दोन शर्करा एकत्र दिल्यास जीवाणू आधी एकच वापरतात. ती संपल्यावर वाढ काही काळ थांबते व मग दुसरीचा वापर सुरू होतो, असे त्यांना आढळले होते. जर्मन आधिपत्याच्या काळात ते फ्रेंच प्रतिकार चळवळीत सक्रिय होते. युद्धानंतर ते पाश्चर संस्थेत ल्वॉफ यांच्या विभागात रुजू झाले. लिसेन्कोच्या आनुवंशिकीविरोधी मतांवर त्यांनी १९४८ मध्ये जाहीर टीका केली.

संशोधन

लॅक्टोजचे विघटन करणारे विकर ई. कोलाय हा जीवाणू लॅक्टोज असतानाच मोठ्या प्रमाणात का बनवतो, हा मोनो यांचा मुख्य प्रश्न होता. लॅक्टोजसारखा पदार्थ विकराच्या निर्मितीला थेट चालना देतो, असे ते आरंभी मानत. आर्थर पार्डी व जाकोब यांच्यासह केलेल्या प्रयोगाने हे मत मोडीत काढले. विकराचे व त्याच्या नियंत्रणाचे अशी दोन्ही कार्यक्षम जनुके ज्यांच्यात नव्हती, अशा जीवाणूंमध्ये ती संयुग्मनाद्वारे सोडण्यात आली. लॅक्टोजसदृश पदार्थ नसतानाही विकर लगेच तयार होऊ लागले. मात्र काही काळाने ही निर्मिती थांबली. नियंत्रक जनुकापासून बनणारा दमनकारी रेणू पेशीत साचेपर्यंतच विकराला मोकळीक होती, हा याचा अर्थ. लिओ झिलार्ड यांनीही अशाच दुहेरी नकारात्मक यंत्रणेची शक्यता सुचवली होती. स्वतःचे जुने मत मोनो यांनी सोडून दिले, हे या संशोधनाच्या इतिहासात विशेष नोंदण्याजोगे आहे.

१९६१ मध्ये मांडलेल्या ओपेरॉन सिद्धांतानुसार दमनकारी रेणू जनुकांलगतच्या चालक भागाला चिकटतो व प्रतिलेखन अडवतो. लॅक्टोजपासून बनणारा अ‍ॅलोलॅक्टोज त्याला जोडला गेला की त्याचा आकार बदलतो, डीएनएवरील पकड सुटते आणि संदेशवाहक आरएनए बनू लागतो. हा दमनकारी रेणू आरएनए असावा, असा मोनो व जाकोब यांचा तेव्हाचा कयास मात्र चुकला. ते प्रथिन असल्याचे १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्युलर-हिल यांनी ते वेगळे काढून दाखवले. प्रथिनांच्या अशा आकारबदलाचे प्रारूप मोनो यांनी जेफ्रीज वायमन व झाँ-पिएर शांझो यांच्यासह १९६५ मध्येच मांडले होते.

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या योगायोग व अनिवार्यता यांवरील पुस्तकामुळे मोनो सामान्य वाचकांतही परिचित झाले. १९७१ पासून मृत्यूपर्यंत ते पाश्चर संस्थेचे संचालक होते.