लुईजी गॅल्व्हानी

इटलीतील बोलोन्या शहरात ९ सप्टेंबर १७३७ रोजी लुईजी गॅल्व्हानी यांचा जन्म झाला. तेथील जुन्या, नामांकित विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन १७५९ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. पुढे ते त्याच शहरात शरीररचनाशास्त्राचे अध्यापन करू लागले. रुग्णसेवा आणि अध्यापन यांतून उरणारा वेळ ते घरातील प्रयोगशाळेत घालवीत. त्यांच्या पत्नी लुचिया या त्यांच्या गुरूंच्या कन्या होत. प्रयोगांमध्ये त्यांचेही साहाय्य असे.

मज्जातंतूंमधून एखादा सूक्ष्म द्रव वाहतो व त्यामुळे स्नायू हलतात, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. १७८१ मध्ये गॅल्व्हानी यांच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट घडली. मेलेल्या बेडकाचे पाय मेजावर ठेवलेले होते. जवळच घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते. सहायकाच्या चाकूचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लागले. त्याच वेळी यंत्रातून ठिणगी उडाली आणि निर्जीव पाय जोराने आखडले. यंत्राचा तर बेडकाला स्पर्शही झालेला नव्हता!

या एका घटनेचा छडा लावण्यासाठी गॅल्व्हानी यांनी अनेक वर्षे प्रयोग केले. १७८६ मध्ये त्यांनी बेडकांचे पाय पितळी आकड्यांना अडकवून लोखंडी कठड्यावर टांगले. आकडा कठड्याला टेकला, की आकाशात वीज चमकत नसतानाही पाय हलत. तेव्हा वीज प्राण्याच्या शरीरातच असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १७९१ मध्ये लॅटिन भाषेत तो प्रसिद्ध केला. तो पाहण्यास लुचिया मात्र हयात नव्हत्या.

पाव्हिया येथील प्राध्यापक अलेस्सांद्रो व्होल्टा यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. त्यांच्या मते वीज बेडकात नव्हती; ती दोन भिन्न धातूंच्या स्पर्शातून उत्पन्न होत होती. या आक्षेपाला गॅल्व्हानी यांनी प्रयोगानेच उत्तर दिले. कोणताही धातू न वापरता, मज्जातंतूचे टोक स्नायूला टेकवूनही पाय आखडतो, हे १७९४ मध्ये दाखवण्यात आले. तरीही वाद मिटला नाही.

दरम्यान नेपोलियनच्या सैन्याने उत्तर इटली जिंकली व १७९७ मध्ये तेथे नवे प्रजासत्ताक स्थापन झाले. प्राध्यापकांना त्या राजवटीशी निष्ठेची शपथ घेणे बंधनकारक झाले. ती आपल्या श्रद्धेला धरून नाही, असे वाटल्याने गॅल्व्हानी यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांचे पद आणि वेतन गेले. पुढे त्यांना पुन्हा पदावर घेण्याचे ठरले. परंतु त्याची अंमलबजावणी होण्यापूर्वीच ४ डिसेंबर १७९८ रोजी त्यांचे निधन झाले.

१८०० मध्ये व्होल्टा यांनी आपल्या विद्युतघटाची घोषणा केली. जगाला बॅटरी मिळाली आणि गॅल्व्हानी यांचे म्हणणे मागे पडले. मात्र मज्जातंतूंमधून संदेश विजेच्या रूपातच जातात, हे एकोणिसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध झाले. धातूंविषयी व्होल्टा बरोबर होते, तर शरीरातील विजेविषयी गॅल्व्हानी!

या ज्ञानावर आज अनेक उपचार आधारलेले आहेत. शरीरात बसवलेल्या धातूच्या सूक्ष्म टोकांना इलेक्ट्रोड म्हणतात. त्यांतून विजेचे मंद स्पंद सोडले जातात. कानात बसवलेले इलेक्ट्रोड श्रवणाच्या मज्जातंतूला चेतवतात आणि बहिऱ्या माणसाला आवाजाची जाणीव होते. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे मेंदूत खोलवर बसवलेल्या इलेक्ट्रोडने हातांचा कंप आटोक्यात आणण्यात आला. कंपवाताच्या रुग्णांसाठी ही पद्धत आज अनेक देशांत वापरली जाते. अशा उपकरणातील बॅटरीचे मूळ व्होल्टा यांच्या विद्युतघटात आहे, तर मज्जातंतू विजेला प्रतिसाद देतो हे ज्ञान गॅल्व्हानी यांच्या प्रयोगांतून आले आहे. हयातीत परस्परांच्या विरोधात उभे असलेले हे दोन विचार रुग्णाच्या शरीरात मात्र एकत्र काम करीत आहेत.