डॉ. मारिया माँटेसरी
मारिया माँटेसरी यांचा जन्म इटलीत १८७० साली झाला. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. रोममध्ये वेड्यांच्या इस्पितळात मतिमंद म्हणून कोंडलेली मुले त्यांनी पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षण हवे, हे त्यांनी ओळखले. १९०० साली निघालेल्या शाळेत लाकडी अक्षरांवरून बोटे फिरवून घेत त्यांनी त्यांना शिकविले. काही मुले तर इतर मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. पुढे हीच पद्धत बालवाड्यांतून जगभर पसरली. १९५२ साली त्या निवर्तल्या.

पालकहो, मूल उशिरा चालू-बोलू लागले, वयाच्या मानाने मागे राहिले, तर त्याला लपवू नका, मारू नका. वेळीच डॉक्टरांना दाखवा आणि त्याच्या गतीने शिकवा.